नाणी घासू नका, गाडगे फोडून वाटू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शेत नांगरताना, विहीर खणताना किंवा घराच्या पायाचे काम चालू असताना जुन्या नाण्यांचे गाडगे निघाल्याची बातमी अधूनमधून सगळ्याच मराठी वर्तमानपत्रांत येते. मथळ्यात 'गुप्तधन' असते, पहिल्या परिच्छेदात अंदाजे किंमत असते आणि छायाचित्रातली नाणी बहुधा चकचकीत असतात, म्हणजे कोणीतरी ती आधीच चिंचेने नाहीतर भांड्याच्या पावडरीने घासलेली असतात. गाडगे किती खोल होते, एकूण नाणी किती होती, सोबत खापरे मिळाली का, हे मात्र बातमीत नसते. नाण्यांवरून इतिहास कसा उभा राहतो याची ज्यांना कल्पना आहे, त्यांना किमतीपेक्षा हे तीन प्रश्न मोठे वाटतात. ते का, हे सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र. लांबी सांभाळून घ्यावी.

नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीचेच घ्या. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा निघाला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यातली सुमारे १३,२५० नाणी तपासली. सगळी पश्चिम भारतावर राज्य करणाऱ्या क्षहरात घराण्यातल्या नहपान या क्षत्रपाच्या (शक राजाच्या) नावाची. त्यांतल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा ठोकलेला होता. उरलेली चार हजारांच्या आतली नाणी नहपानाने पाडली तशीच होती.

यातले एक नाणे हातात घेऊन पाहू. वजन दोन ग्रॅमच्या आसपास, आकार नखाएवढा. मूळच्या नाण्यावर एका बाजूला उजवीकडे पाहणारा राजाचा चेहरा आणि कडेने ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख. भाषा प्राकृतच, लिप्या मात्र तीन. ब्राह्मीत 'राञो क्षहरातस नहपानस' एवढाच मजकूर. याच नाण्यावर सातकर्णीच्या टांकसाळीने एका बाजूला तीन कमानींचा पर्वत, त्याखाली नागमोडी रेघ आणि 'राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस' हा लेख उमटवला, तर दुसऱ्या बाजूला अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळे असलेले 'उज्जैन चिन्ह'. ठसा नेहमी नीट मधोमध बसला असे नाही. त्यामुळे पर्वताच्या कमानीशेजारी जुन्या राजाचे नाक डोकावते, कुठे केसांच्या बटा राहतात, कुठे कडेला दोन-तीन ग्रीक अक्षरे. दोन राजे एकाच चांदीच्या तुकड्यावर दिसतात आणि वरचा कोण, खालचा कोण याबद्दल वाद घालायला जागा उरत नाही.

नाशिकच्याच पांडवलेण्यांत, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा मोठा शिलालेख आहे. तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला. त्यात ती आपल्या मुलाला 'खखरातवस निरवसेसकर', म्हणजे क्षहरात वंशाचा मागमूस न ठेवणारा म्हणते. आईने दिवंगत मुलाची केलेली स्तुती पुरावा म्हणून किती धरायची, हा प्रश्न रास्त आहे. पण जोगलटेंभीचा साठा त्या शिलालेखाशेजारी ठेवला की ती नुसती स्तुती राहत नाही. शिवाय साठ्यात नहपानानंतरच्या कोणा क्षहरात राजाचे एकही नाणे नाही. म्हणजे सातकर्णीच्या हाती आलेले चलन नहपानाच्याच नावाचे होते. ते वितळवून नवी नाणी पाडण्याऐवजी त्याच तुकड्यांवर हातोडा मारणे हे कमी खर्चाचे काम होते आणि बाजारात हातोहात फिरणारी जाहीर दवंडीही. राजा बदलल्याचे विणकराला, तेल्याला, लमाणाला शिलालेख वाचून नव्हे, कमरेच्या कशातल्या पैशावरूनच कळले असेल.

हा निष्कर्ष कशावर उभा आहे? एका सुरेख नाण्यावर नाही. तो उभा आहे तेरा हजार नाणी एकत्र मोजली गेली, त्यातली किती पुन्हा ठोकलेली आणि किती साधी याचा हिशेब लागला, आणि परकी नाणी नाहीत हे दिसले, यावर. बाजाराला स्वच्छ, सुबक चेहरा हवा असतो. दोन ठशांची गिचमीड झालेले नाणे गिऱ्हाइकाला आवडत नाही. समजा कोणी त्या साठ्यातून आधी स्पष्ट चेहऱ्याची नाणी उचलली असती, तर मागे जवळपास सगळी ठोकलेलीच राहिली असती आणि नहपानाचे मूळ चलन किती उरले होते, हे कळण्याचा मार्गच बंद झाला असता. निवडून विकलेल्या साठ्याचे असेच होते. सगळी नाणी जगात कुठेतरी असतात, पण त्यांचे आपसातले नाते तुटलेले असते.

एक मर्यादा इथेच सांगितली पाहिजे. साठा क्रम सांगतो, साल सांगत नाही. नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिकच्या लेखांत ४१, ४२ आणि ४५ ही वर्षे येतात आणि जुन्नरच्या अमात्य अयमाच्या लेखात ४६. ही वर्षे शक संवताची मानली तर ४६ म्हणजे इसवी सन १२४. ती नहपानाची राज्यवर्षे मानली तर तो याच्याही बराच आधी जातो. अभ्यासकांत यावर आजही दोन तट आहेत. 'नाण्यामुळे अमुक साल सिद्ध झाले' असे बातमीत छापून येते तेव्हा म्हणूनच जपून वाचावे.

त्याच उषवदाताच्या लेखात पैशाचा हिशेब फार नेमका आहे. सत्तर हजार कार्षापण (त्या काळचे नाणे) म्हणजे दोन हजार सुवर्ण (सोन्याचे नाणे), एका सुवर्णाला पस्तीस कार्षापण या दराने. गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने आणि दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार पाऊण टक्क्याने कायम ठेव. मुद्दल परत मागायचे नाही, व्याजातून भिक्षूंचा वस्त्रांचा आणि इतर खर्च भागवायचा. लेण्यातले हे कार्षापण म्हणजे नहपानाचीच चांदीची नाणी असे मानणारे अभ्यासक आहेत. तसे असेल तर दगडावरची रक्कम आणि त्याच जिल्ह्याच्या जमिनीतून निघालेले चलन यांचा मेळ बसतो, आणि असा मेळ भारतात फार थोड्या ठिकाणी बसवता येतो.

पुन्हा ठोकलेल्या नाण्यांनी वंशावळ लावण्याचे आणखी जवळचे उदाहरण कोल्हापूरचे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर आणि आसपास धनुष्यबाण असलेली शिशाची व मिश्रधातूची नाणी मिळाली. त्यांवर तीन नावे येतात: वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र सिवलकुर आणि गौतमीपुत्र विळिवायकुर. कोणत्याही पुराणात यांचा पत्ता नाही. मग आधी कोण आणि नंतर कोण? सिवलकुराने वासिष्ठीपुत्राच्या नाण्यांवर ठसा मारला आहे आणि गौतमीपुत्र विळिवायकुराने त्या दोघांच्याही. तीन राजांचा क्रम लागला तो केवळ ठशाखालच्या पुसट ठशांवरून. ग्रीक भूगोलकार टॉलेमी 'हिप्पोकुरा' या नगरातल्या 'बालेओकुरोस' राजाचा उल्लेख करतो. तो यांच्यापैकीच असावा असे बहुतेकांना वाटते.

आता विदर्भात चला. १९३९ साली मंगरूळ तालुक्यातल्या तऱ्हाळा या गावी (तेव्हा अकोला जिल्हा, आता वाशीम) पोटीनच्या नाण्यांचा दीड हजारावर नगांचा साठा मिळाला. पोटीन म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांचा मिश्रधातू. दिसायला काळपट, ओबडधोबड. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. सोनाराने एका नाण्याचे दहा रुपये दिले नसते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती एकेक करून वाचली आणि त्यांतून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी ही नावे बाहेर आली. पुराणांच्या सातवाहन यादीत ती नाहीत. साम्राज्याच्या उतरत्या काळात विदर्भात कोण राज्य करत होते, ते या भंगारवजा धातूने सांगितले. पोटीनवरचा लेख नाण्याच्या कडेने जातो आणि ठसा नाण्यापेक्षा मोठा असल्याने एका नगावर लेखाचा एखादा तुकडाच बसतो. पाच-सहा नाण्यांवरचे तुकडे जुळवले की एक नाव पुरे होते. दीड हजारांतली हजार नाणी भट्टीत गेली असती, तर यातली काही नावे कायमची गेली असती.

नाणे फसवतेही, आणि ते माहीत नसेल तर उत्खनन करणाराही चुकतो. कलचुरी घराण्यातल्या कृष्णराजाची छोटी चांदीची नाणी इसवी सनाच्या सहाव्या शतकातली. ती नाशिक जिल्ह्यातल्या देवळाण्यापासून मुंबईच्या साष्टीपर्यंत मिळाली आहेत. पण नाशिकजवळच्या अंजनेरीला सापडलेल्या भोगशक्ती या राजाच्या ताम्रपटात, इसवी सन ७१० च्या सुमाराला, रक्कम 'कृष्णराज रूपक' या नाण्यांतच सांगितली आहे. राजा जाऊन सव्वाशे-दीडशे वर्षे झाली तरी त्याचा पैसा चालत होता. त्यामुळे एखाद्या थरात कृष्णराजाचे नाणे मिळाले तर तो थर त्याच्या काळाच्या आधीचा नाही, एवढेच पक्के म्हणता येते. नंतरचा किती, ते नाण्याची झीज, सोबतची खापरे आणि वरखालचे थर सांगतात. म्हणून सुटे, घासलेले, कुठून आले ते माहीत नसलेले नाणे अभ्यासकापुढे ठेवून 'हे गाव किती जुने?' असे विचारण्यात अर्थ नसतो.

झीज मोजण्याचे शास्त्र तर पुण्यात वाढले. गोव्यात जन्मलेले गणिती दा. ध. कोसंबी यांनी आधी चलनातली आधुनिक नाणी तोलून पाहिली आणि मग तक्षशिलेच्या भीर टेकाडातल्या आहत नाण्यांकडे वळले. आहत म्हणजे चांदीच्या कापलेल्या तुकड्यावर पाच वेगवेगळ्या चिन्हांचे ठसे मारलेली नाणी, मूळ तोल ३२ गुंजांचा, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम. त्यांवर राजाचे नाव नसते, साल नसते. कोसंबींचा तर्क सरळ होता: नाणे जितकी वर्षे हातोहात फिरते तितके झिजते. एकाच साठ्यातल्या, एकाच चिन्हगटाच्या नाण्यांचे सरासरी वजन जितके कमी आणि वजनांतली तफावत जितकी जास्त, तितका तो गट जुना. १९२४ साली तिथे मिळालेल्या साठ्यात हजारावर आहत नाण्यांबरोबर अलेक्झांडरची दोन आणि फिलिप अरिडियसचे (अलेक्झांडरचा सावत्र भाऊ, मृत्यू इसवी सनपूर्व ३१७) एक, अशी जवळपास कोरी नाणी होती. त्यामुळे साठा पुरल्याचा काळ इसवी सनपूर्व ३१७ च्या सुमारास पकडता आला आणि त्या खुंटीवर वजनांचा क्रम टांगता आला.

ही पद्धत शतांश ग्रॅमच्या फरकांवर चालते. आता कोणी साडेतीन ग्रॅमच्या नाण्याला आम्लात बुडवून उजाळा दिला आणि दशांश ग्रॅम चांदी गेली, तर शेकडा तीन भाग वजन पाच मिनिटांत गेले. पिढ्यान्पिढ्यांच्या झिजेची नोंद त्या बशीत विरघळून गेली. पुन्हा ठोकलेल्या नाण्यांचे नुकसान याहून वाईट. खालचा, जुना ठसा आधीच हातोड्याने दबलेला आणि उथळ असतो. घासताना पहिल्यांदा तोच जातो. नहपानानंतरच्या क्षत्रपांच्या बऱ्याच नाण्यांवर राजाच्या डोक्यामागे शक वर्षाचे अंक असतात. शंभर, दहा आणि एकक यांना वेगळी चिन्हे. ते अंक कडेला असल्याने ब्रशचा मार त्यांनाच बसतो. एककाचे चिन्ह पुसले की वर्षाऐवजी फक्त दशक उरते. ज्या घराण्याचा बापलेकांचा क्रम या नाण्यांवरच्या वडिलांच्या नावांवरून आणि सालांवरून लागला आहे, तिथे एक चिन्हही मोलाचे आहे.

म्हणून गाडगे लागले तर काय करावे, ते स्पष्टच सांगतो. फावडे थांबवावे. गाडगे जागेवर असतानाच, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून, वरून आणि बाजूने छायाचित्रे घ्यावीत. जमिनीच्या पृष्ठभागापासून खोली टेपने मोजावी. गट क्रमांक, मातीचा रंग (काळी की पांढरी, राख आहे का) आणि जवळची ठळक खूण वहीत लिहावी. गाडगे फुटले असेल तर सगळी खापरे, तळासकट, जपून ठेवावीत. गाडग्याच्या घडणीवरून काळ ठरवायला मदत होते आणि नाणी उचलून खापरे बांधावर फेकण्याची चूक जवळपास सगळीकडे होते. नाणी एकमेकांना चिकटलेली असतील तर ती सुटी करू नयेत. तळाची आणि वरची यांत फरक असू शकतो. कोणी वर्षानुवर्षे भर घातलेली बचत होती की एकाच दिवशी पुरलेला पैसा, हे त्या थरांतून कळते. नाणी मोजावीत, आणि मोजताना दुसऱ्या कोणाला तरी साक्षीला ठेवावे.

धुवू नये. माती सावलीत आपोआप सुकू द्यावी. तांब्याच्या नाण्यावरचा घट्ट, गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी थर हे त्याचे संरक्षण आहे, तो राहू द्यावा. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर मात्र तो क्लोराइडचा रोग असतो. ते नाणे वेगळे, अगदी कोरड्या जागी ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे. ओली नाणी पॉलिथिनच्या पिशवीत बांधली की घाम सुटून हा रोग वाढतो. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून आम्ल सुटते आणि नाण्यावर चिकट हिरवा थर चढतो. कागदाच्या सुट्या पुड्या चांगल्या, प्रत्येकीवर क्रमांक घालून. शिशाच्या सातवाहन नाण्यांचे पथ्य वेगळे. लाकडी पेटी आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने ती पांढरी पडून पिठासारखी झडतात. ती काचेच्या बरणीत ठेवावीत, हात धुवावेत आणि पोरांच्या तोंडाला लागू देऊ नयेत, कारण शिसे विषारी आहे. पुढच्या नोंदीसाठी प्रत्येक नाण्याचे शतांश ग्रॅमपर्यंत वजन, मिलिमीटरमध्ये व्यास, आणि तिरक्या उजेडात दोन्ही बाजूंचे छायाचित्र एवढे पुरते. सरळ वरून फ्लॅश मारला की अक्षरे सपाट होतात. खिडकीशेजारी नाणे ठेवून प्रकाश डाव्या वरच्या कोपऱ्यातून घेतला की झिजलेला लेखही उठून दिसतो.

आता कायद्याचे. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते. त्यात ठेव्याचे स्वरूप आणि प्रमाण किंवा अंदाजे किंमत, जागा आणि तारीख द्यायची. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पण खोली, गाडगे, सोबतच्या वस्तू यांची विचारणा त्या नोटिशीत नाही. इतिहासाला जे सर्वांत हवे ते कायदा मागतच नाही. दुसरी खोट मोबदल्याची. सरकारने ठेवा घ्यायचा ठरवला तर कलम १६ प्रमाणे धातूची किंमत आणि तिचा एक पंचमांश, एवढे हक्कदारांना मिळतात. सोन्याला हे ठीक. तऱ्हाळ्यासारख्या पोटीनच्या साठ्याला हा हिशेब लावला तर हातात येते ती काही किलो भंगाराची किंमत! कोरडवाहू शेतकऱ्याला प्रामाणिकपणाबद्दल आपण भंगाराचा भाव देतो, आणि मग गाडगे रातोरात झारेकऱ्याकडे (सोनाराच्या राखेतून धातू गाळणाऱ्याकडे), तिथून शहरातल्या व्यापाऱ्याकडे गेले म्हणून त्यालाच दोष देतो. हे आम्हाला मान्य नाही. मूल्य धातूवर न ठरवता नाणकशास्त्राच्या जाणकारांच्या समितीने ठरवावे आणि ते ठरावीक मुदतीत द्यावे. साठा विभागून न देता आधी त्याची एकत्र नोंद व्हावी. त्याच अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, विद्यापीठांत पुरातत्त्व विभाग आहेत. नोंदीसाठी माणसे नाहीत, असे म्हणता येणार नाही.

आपल्या वर्तमानपत्राकडे मागणे एवढेच, की असा शोध लागला की तालुका वार्ताहराने किमतीच्या आकड्याआधी पाच गोष्टी विचाराव्यात: गाव आणि गट क्रमांक, खोली, एकूण संख्या, धातू, आणि गाडगे कुठे आहे. छायाचित्र मातीसकट घ्यावे, 'जरा पुसून दाखवा' असे म्हणू नये. पहिल्या पावसात तेर, पैठण, भोकरदन, नेवासे, जुन्नर इथल्या पांढरीची (जुन्या वस्तीच्या टेकाडाची) माती धुपते आणि नाणी आपोआप वर येतात. त्याआधी, मे महिन्यातच, वरच्या सूचना चौकटीत छापल्या आणि त्या ग्रामपंचायतींच्या फळ्यांवर लागल्या, तर येत्या पावसाळ्यातच त्यांचा उपयोग होईल.

आपले,
नाणकशास्त्राचे काही अभ्यासक,
नाशिक